जनरल बटलर यांचा जमाखर्च

दिवाळींत लक्ष्मीपूजनाच्या दिवशीं आपले व्यापारी बंधु नव्या वह्यांचें पूजन करितात. तत्पूर्वीं जुन्या वहीची बाकी काढावी लागते. कोणाचें येणें किती, कोणाचें देणें किती, बुडीत रक्कम कोणती, हें पाहिल्यावांचून नव्या वहीचें पहिलें पान लिहितां येत नाहीं. पैशाच्या व्यवहारांत ही शिस्त आपण पाळितों. परंतु ज्या व्यवहारांत माणसांचे प्राण खर्ची पडतात त्याची वही बहुधा कोणी उघडीत नाहीं. सेनापति पराक्रम करितात, सरकार पदकें देतें, वर्तमानपत्रें स्तुतिस्तोत्रें गातात, आणि कीर्द तेथेंच बंद होते. आपल्या तेहेतीस वर्षांच्या नोकरीची वही स्वतःच्या हातानें उघडून, जी रक्कम लोकांनीं जमेस धरिली होती तीच नांवें टाकणारा एक सेनापति अमेरिकेंत होऊन गेला. त्यांचें नांव मेजर जनरल स्मेडली बटलर. त्यांचें चरित्र आमच्या वाचकांपुढें, विशेषतः व्यापारी वाचकांपुढें, ठेवावें असें आम्हांस वाटतें.

बटलर हे मरीन सैन्यांतील अधिकारी होते. मरीन म्हणजे आरमाराबरोबर जाणारी आणि हुकूम मिळतांच परक्या किनाऱ्यावर उतरून लढणारी फौज. युद्ध पुकारावयाचें नाहीं, पण दुसऱ्याच्या मुलखांत बंदूक तर न्यावयाची आहे, असा प्रसंग आला म्हणजे अमेरिकन सरकार या फौजेस पाठवी. बटलर यांचा जन्म ३० जुलै १८८१ रोजीं पेनसिल्व्हेनिया संस्थानांतील वेस्ट चेस्टर या गांवीं क्वेकर पंथाच्या घराण्यांत झाला. हा पंथ शस्त्र धरणें धर्माविरुद्ध मानितो. वडील अमेरिकेच्या लोकसभेचे सभासद होते आणि पुढें आरमारविषयक कमिटीचे अध्यक्ष झाले. अशा घरांतला मुलगा सोळाव्या वर्षीं शाळा सोडून सैन्यांत गेला, तोही आपलें वय वाढवून सांगून.

त्यास तिकडे कोणी ओढलें? आमच्याच धंद्यानें. १८९८ च्या फेब्रुवारींत क्यूबांतील हवाना बंदरांत मेन नांवाची अमेरिकन युद्धनौका स्फोट होऊन बुडाली. न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांनीं पुरावा हातीं येण्याची वाट न पाहतां स्पेनवर आळ घेतला, आणि साऱ्या देशांत सूडाची भाषा सुरू झाली. पुढें १९७६ सालीं आरमारी तज्ज्ञांनीं पुन्हां तपास केला तेव्हां स्फोट बोटीच्या आंतूनच झाला असावा असें मत पडलें. पण तोंवर ते युद्ध होऊन जाऊन पाऊणशें वर्षें लोटलीं होतीं. संपादकाच्या लेखणीनें किती पोरें छावणींत पाठविलीं जातात, याचा हिशेब आम्ही पत्रकारांनींही ठेविला पाहिजे.

क्यूबांत बटलर यांस फारशी लढाई पाहावयास मिळाली नाहीं. पुढच्या वर्षीं ते फिलिपाइन बेटांत गेले. स्पेनच्या जाचांतून सुटलेल्या या बेटांस अमेरिकेनें स्वतःच्या अंमलाखालीं घेतलें होतें व तेथील लोक त्याविरुद्ध लढत होते. १९०० सालीं चीनमध्यें बॉक्सर लोकांचें बंड झालें आणि आठ राष्ट्रांच्या फौजा त्या देशावर चालून गेल्या. तिएन्त्सिन शहराच्या लढाईंत बटलर यांच्या मांडींत गोळी घुसली. तेव्हां त्यांस एकोणिसावें वर्ष पुरें होण्यास अजून सतरा दिवस होते. त्यांच्या शौर्याबद्दल त्यांस कॅप्टनचा हुद्दा मिळाला.

या चीनच्या स्वारीशीं आपलाही संबंध आहे, तो येथेंच सांगितला पाहिजे. इंग्रजांच्या बाजूनें पेकिंगवर चाल करून गेलेल्या फौजेंत शीख व रजपूत पलटणी होत्या. म्हणजे परक्यांच्या अंमलाखालचे शिपाई आणखी एका देशास नमविण्यासाठीं गेले होते. आणि चीनच्या मनांत परकीयांविषयीं जो द्वेष सांठला होता त्याचें एक मूळ अफूच्या व्यापारांत होतें. माळव्याची अफू मुंबई बंदरांतून चीनला जात असे आणि आपल्या कित्येक पेढ्यांचें भाग्य त्या पेट्यांवर उदयास आलें. चीन सरकारनें ती अफू अडविली तेव्हां इंग्रजांच्या तोफांनीं वाट मोकळी केली. त्या पैशांतून आपल्याकडे शाळा व दवाखाने निघाले, हें आम्ही विसरत नाहीं; पण चीनमधील घरें त्यांत बसलीं, हेंही त्याच पानावर लिहिलें पाहिजे. दुसऱ्यांच्या सावकारांस नांवें ठेवण्यापूर्वीं आपली वही पाहावी, एवढ्याकरितां हा उल्लेख केला.

पुढील पंधरा वर्षांतील पुष्कळसा काळ बटलर यांनीं मध्य अमेरिकेच्या व मेक्सिकोच्या किनाऱ्यांवर घालविला: होंडुरास, पनामा, निकाराग्वा, मेक्सिको. या लहान राज्यांतील कारभाराची रीत आपल्या वाचकांस समजावयास कठीण जाऊं नये. राज्यकर्त्यास पैसा हवा असे. न्यूयॉर्कची पेढी तो कर्जाऊ देई. तारण म्हणून बंदराची जकात लिहून घेई. १९११ पासून निकाराग्वाची जकात वसूल करणारा अधिकारी अमेरिकन होता. देशांत कोणी या व्यवस्थेविरुद्ध उठला म्हणजे अमेरिकन मालमत्तेस धोका आहे असें म्हणून युद्धनौका येई व मरीन शिपाई उतरत. १९१२ सालीं झेलेडॉन नांवाच्या पुढाऱ्यानें असें बंड केलें. कोयोतेपे टेकडीवरील त्याचीं ठाणीं घेण्यांत बटलर पुढें होते. झेलेडॉन मारला गेला आणि पेढीची वसुली चालू राहिली. आपल्याकडे ज्या सावकारास शेतकऱ्याच्या दारावर जप्ती नेण्यासाठीं सरकारचा शिपाई मिळे, तोच हा प्रकार. फरक इतकाच कीं येथें जप्ती एका सबंध देशावर होती.

१९१४ च्या एप्रिलांत अमेरिकन आरमारानें मेक्सिकोचें व्हेराक्रूझ बंदर घेतलें. त्या लढाईबद्दल सरकारनें आपलें सर्वांत श्रेष्ठ मानपदक एकदम पन्नासांहून अधिक आरमारी व मरीन लोकांस वाटलें. बटलर यांसही तें मिळालें. एवढ्या मोठ्या मानास शोभेल असें आपण कांहींच केलें नाहीं, असें कळवून त्यांनीं तें परत पाठविलें. पण पदक ठेवावें व अंगावर घालावें असा वरून उलट हुकूम आला. या गृहस्थांच्या ठिकाणीं हिशेबाची बुद्धि प्रथमपासून होती, एवढें यावरून दिसतें. हुकूम मोडण्याची बुद्धि मात्र अद्यापि नव्हती.

पुढच्याच वर्षीं ते हैतींत गेले, आणि त्यांच्या चरित्रांतील सर्वांत मोठें पान येथें येतें. हैती म्हणजे ज्या काळ्या गुलामांनीं फ्रेंच मालकांविरुद्ध उठून १८०४ सालीं स्वतःचें राज्य स्थापिलें, त्यांचा देश. डिसेंबर १९१४ मध्यें अमेरिकन मरीन शिपायांनीं तेथील राष्ट्रीय बँकेंतून पांच लक्ष डॉलरचें सोनें उचलून न्यूयॉर्कला नेलें. १९१५ च्या जुलईंत तेथील अध्यक्षाचा जमावानें वध केला, आणि त्याच दिवशीं फौज उतरली ती १९३४ पर्यंत हलली नाहीं. डोंगरांतील बंडखोरांचा शेवटचा आश्रय रिव्हिएरचा जुना किल्ला होता. १७ नोव्हेंबर १९१५ रोजीं बटलर यांनीं शंभरएक लोकांनिशीं तो वेढिला. आंत जाण्यास गटारासारखें एक अरुंद भोंक होतें व पलीकडे बंदुका रोखलेल्या होत्या. एक सार्जंट, एक शिपाई आणि बटलर असे तिघे त्यांतून प्रथम शिरले. किल्ला पडला, आंतील पन्नासांवर माणसें मारलीं गेलीं, आणि बटलर यांस दुसरें मानपदक मिळालें. दोन निरनिराळ्या प्रसंगीं हें पदक मिळविणारे मरीन सैन्यांत ते व सार्जंट डॅली असे दोघेच.

किल्ला घेणें हें शिपायाचें काम होतें, असें कोणी म्हणेल. पण त्यानंतर बटलर हैतीच्या नव्या सशस्त्र पोलिसांचे मुख्य झाले, आणि त्यांच्या हातून दोन कामें झालीं. पहिलें रस्त्यांचें. राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्सपासून उत्तरेच्या काप-हैतियनपर्यंत मोटार जाईल असा रस्ता तयार झाला. तो कोणत्या मजुरीनें? शेतकऱ्यानें रस्त्यावर काम करावें किंवा कर भरावा असा १८६४ सालचा एक निजलेला कायदा उकरून काढण्यांत आला आणि माणसें वेठीस धरण्यांत आलीं. वेठ म्हणजे काय हें महाराष्ट्रांतील खेड्यांस शिकविण्याची गरज नाहीं. ज्या लोकांच्या आजांनीं गुलामगिरी तोडली त्यांचीं नातवंडें पुन्हां पहाऱ्यांत राबूं लागलीं. जुलूम बटलर गेल्यावर वाढला हें खरें, पण प्रथा पुन्हां सुरू झाली ती त्यांच्या अमदानींत. तिच्यांतूनच मोठें बंड उद्भवलें आणि तें मोडतांना हजारों लोक प्राणांस मुकले.

दुसरें काम कायदेमंडळाचें. परदेशीयांस हैतींत जमीन विकत घेतां यावी अशी घटना अमेरिकेस पाहिजे होती. तेथील प्रतिनिधींनीं ती मान्य करण्याचें नाकारलें. जून १९१७ मध्यें बटलर यांच्या पोलिसांनीं सभा बरखास्त केली, आणि पुढच्या वर्षीं मतदानाचा देखावा करून तीच घटना गळ्यांत बांधण्यांत आली. रस्ता चांगला झाला, व्यवस्था चांगली राहिली, असें या अमलाचें समर्थन होई. हें समर्थन आपल्या कानांस परिचित आहे. आगगाडी आली, टपाल आलें, मग तक्रार कसली, असें आपणांसही वर्षानुवर्षें सांगण्यांत आलें होतें.

याच हातांनीं दुसरीं कामेंही केलीं, तीं न सांगणें अन्यायाचें होईल. पहिल्या महायुद्धांत बटलर यांस आघाडीवर जावयाचें होतें. पण त्यांस फ्रान्समधील ब्रेस्ट बंदराजवळच्या पाँतानेझां छावणीवर नेमण्यांत आलें. वय सदतीस, हुद्दा ब्रिगेडियर जनरल. छावणींत गुडघाभर चिखल होता आणि इन्फ्लुएन्झाच्या सांथीनें शिपाई मरत होते. खंदकांत घालावयाच्या लांकडी फळ्या गोदींत पडून आहेत असें पाहून त्यांनीं त्या मागविल्या. पहिली फळी जनरलनें स्वतःच्या खांद्यावर घेतली, मग मागून शेंकडों माणसें निघालीं. राहण्याची, जेवणाची व पाण्याची व्यवस्था सुधारली. या कामाबद्दल सैन्य व आरमार या दोघांनींही त्यांचा गौरव केला.

१९२४ सालीं फिलाडेल्फिया शहराच्या मेयरनें त्यांस सरकारकडून रजेवर मागून घेऊन पोलीस खात्याचे मुख्य केलें. तेव्हां अमेरिकेंत दारूबंदी होती, आणि पोलिसांच्याच आश्रयानें गुत्ते उघड चालत होते. बटलर यांनीं पहिल्या दोन दिवसांत नऊशेंहून अधिक गुत्त्यांवर छापे घालविले. लोकांनीं वाहवा केली. गरिबांचे गुत्ते बंद होत होते तोंवर ही वाहवा टिकली. पण शहरांतील उंची हॉटेलांत श्रीमंतांच्या मेजवान्यांसही तोच कायदा लावण्यास ते निघाले तेव्हां मित्र दिसेनासे झाले, आणि १९२५ च्या अखेरीस त्यांस ती जागा सोडावी लागली. ज्यांस सुधारणा दुसऱ्यांच्या घरीं हवी असते व स्वतःच्या घरीं नको असते, असे लोक फिलाडेल्फियांतच असतात असें नाहीं. आपल्याकडील दारूबंदीच्या प्रयोगांचा अनुभव याहून फारसा निराळा नाहीं.

१९२७ ते १९२९ पर्यंत ते पुन्हां चीनमध्यें होते. ज्या तिएन्त्सिनमध्यें ते तरुणपणीं गोळ्या झाडीत गेले होते, तेथेंच या वेळीं चकमक होऊं द्यावयाची नाहीं असा त्यांनीं निश्चय केला. त्यांच्या शिपायांनीं तेलाच्या वखारीची मोठी आग विझविली, मोडका पूल बांधून दिला; आणि गांवकऱ्यांनीं ज्या छत्र्या आपल्याकडील थोर माणसांस मानानें देतात तशा छत्र्या या परक्यास दिल्या. पदकांपेक्षां या छत्र्यांची किंमत आम्हांस अधिक वाटते, कारण त्या ज्यांच्या मुलखांत फौज उतरली त्यांनींच दिलेल्या होत्या.

परत आल्यावर ४८ व्या वर्षीं ते मेजर जनरल झाले. १९३० सालीं मरीन सैन्याचें मुख्य पद रिकामें झालें तेव्हां त्यांचा हक्क डावलून दुसऱ्यास नेमण्यांत आलें; त्यांची जीभ वरिष्ठांस मानवत नव्हती. १९३१ च्या जानेवारींत इटलीचा हुकूमशहा मुसोलिनी याच्या मोटारीखालीं एक मूल चिरडलें व तो न थांबतां पुढें गेला, अशी एक ऐकीव हकीगत त्यांनीं व्याख्यानांत सांगितली. इटलीनें तक्रार केली. अमेरिकन सरकारनें माफी मागितली आणि बटलर यांस अटकेंत ठेवून लष्करी खटल्याचा हुकूम दिला. लोकमत त्यांच्या बाजूनें उसळलें तेव्हां खटला गुंडाळून नुसत्या ठपक्यावर काम भागविण्यांत आलें. त्याच वर्षीं १ ऑक्टोबरला त्यांनीं नोकरी सोडली.

येथून त्यांचें दुसरें आयुष्य सुरू होतें. १९३२ च्या उन्हाळ्यांत महायुद्धांतील हजारों बेकार शिपाई, युद्धसेवेबद्दल कबूल केलेली रक्कम १९४५ पर्यंत न थांबतां तेव्हांच मिळावी म्हणून, वॉशिंग्टनमध्यें बायकामुलांसह तळ देऊन बसले होते. बटलर त्यांच्या झोंपड्यांत गेले, त्यांस धीर दिला आणि कायदा न मोडण्याचा उपदेश केला. थोड्याच दिवसांनीं, २८ जुलैला, पोलिसांच्या गोळीनें दोन शिपाई पडले, आणि सरकारनें घोडदळ व रणगाडे पाठवून तो तळ जाळून टाकला. जे शिपाई लढाईच्या वेळीं राष्ट्राचे वीर होते ते पैसे मागतांच उपद्रवी ठरले. १९३४ सालीं बटलर यांनीं लोकसभेच्या एका कमिटीपुढें शपथेवर साक्ष दिली कीं, धनिकांच्या वतीनें एक दलाल आपणांकडे आला होता आणि माजी शिपायांची मोठी फौज घेऊन अध्यक्ष रूझवेल्ट यांस बाजूस सारावें असें सुचवीत होता. अशी बोलणीं झालीं होतीं हें कमिटीनें मान्य केलें, पण खटला कोणावरही झाला नाहीं. बेत कितपत पक्का होता याविषयीं इतिहासकारांत मतभेद आहे. बड्या वर्तमानपत्रांनीं मात्र साक्ष पुरी होण्यापूर्वींच तिची थट्टा आरंभिली.

१९३५ सालीं त्यांनीं वॉर इज ए रॅकेट हें लहानसें पुस्तक लिहिलें. युद्ध हा मूठभरांच्या फायद्याचा व असंख्यांच्या तोट्याचा धंदा आहे, असें त्यांत त्यांनीं हिशेब मांडून दाखविलें. त्याच वर्षीं एका मासिकांत त्यांनीं आपल्या नोकरीचाही झाडा दिला. मेक्सिकोंत तेलवाल्यांसाठीं, हैती व क्यूबांत बँकेसाठीं, निकाराग्वांत सावकारी पेढीसाठीं आपण बळाचें काम केलें, अशी कबुली त्यांनीं देशांचीं व पेढ्यांचीं नांवें घेऊन दिली. उपायही सांगितले. तरुणांस सक्तीनें भरती करण्यापूर्वीं कारखानदार, पेढीवाले व त्यांचें भांडवल यांची सक्तीनें भरती करावी आणि सर्वांस शिपायाइतकाच पगार द्यावा. लढाई करावी कीं नाहीं हें ज्यांस लढावयाचें आहे त्यांच्या मतांनीं ठरावें. आणि फौज स्वदेशाच्या रक्षणापलीकडे जाऊं देऊं नये.

या कबुलीवर दोन आक्षेप घेण्यांत येतात. एक असा कीं ती पेन्शन सुरू झाल्यावर आली. आक्षेप खरा आहे. किल्ल्याच्या भोंकांत शिरण्याचें धैर्य ज्यांस चौतिसाव्या वर्षीं होतें त्यांस अन्यायाचा हुकूम नाकारण्याचें धैर्य तेव्हां झालें नाहीं. पहिलें धैर्य सैन्यांत शिकवितात, दुसरें कोठेंही शिकवीत नाहींत. दुसरा आक्षेप असा कीं जर्मनींत उठलेलें संकट त्यांनीं ओळखलें नाहीं. सगळींच युद्धें पेढीच्या वहीवरून समजत नाहींत. हाही आक्षेप आम्ही मान्य करितों. २१ जून १९४० रोजीं फिलाडेल्फियाच्या आरमारी रुग्णालयांत बटलर वारले, आणि दुसऱ्याच दिवशीं फ्रान्सनें जर्मनीपुढें शस्त्रें ठेवण्याच्या करारावर सही केली. पण उशिरां केलेली नोंद खोटी ठरत नाहीं. दोन मानपदकें मिरविणाऱ्या सेनापतीनें स्वतःविरुद्ध दिलेली साक्ष ही सामान्य साक्ष नव्हे.

आमच्या व्यापारी वाचकांस आमचें सांगणें एवढेंच आहे. व्यापार म्हणजे दोघांच्या राजीखुषीचा सौदा. जो सौदा पुरा करण्यास एका बाजूस बंदूक उभी करावी लागते तो व्यापार नव्हे, मग त्याची वही कितीही शुद्ध लिहिलेली असो. हा धडा आपण ईस्ट इंडिया कंपनीपासून शिकलों. तो विसरण्याचा मोह आपल्या हातीं भांडवल व बळ येतें त्या वेळींच होतो. म्हणून युद्धाची हांक कोणीही देवो, प्रथम विचारावें कीं जकात कोणाची वाढणार, माल कोणाचा खपणार, आणि मुलगा कोणाचा जाणार. युद्धकाळीं झालेल्या नफ्याचा उघड हिशेब मागावा. शिपाई परत येईल तेव्हां त्यास कबूल केलेलें देणें मुदतींत चुकवावें. पेढीवर हुंडी वटली नाहीं तर आपण दिवाळें म्हणतों, राष्ट्रानें शिपायाचें देणें लांबविलें तर त्यास दुसरें नांव नाहीं. बटलर यांस हा जमाखर्च पन्नाशी उलटल्यावर सुचला. आपणांस तो नव्या वहीच्या पहिल्या पानावरच मांडतां येण्यासारखा आहे.